पाच दिवसांचं पिल्लू, मोडलेली नडगी

दार मीच लावलं होतं. संध्याकाळी कोंबडी ११ पिल्लं घेऊन खुराड्यात शिरली, शेवटचं उंबऱ्यावर रेंगाळलं आणि मी मोजायच्या आधीच फळी ओढली. फळी आणि चौकटीच्या फटीत त्याचा उजवा पाय सापडला. आवाज ऐकून दार उघडेपर्यंत दोन-तीन सेकंदच गेले असतील. पिल्लू बाहेर आलं, उठायला गेलं, कुशीवर कोसळलं, पुन्हा उठायला गेलं.

वय ५ दिवस. भाजी मोजायच्या डिजिटल काट्यावर वजन भरलं ५२ ग्रॅम. तेव्हापासून पुढचे २६ दिवस मी वहीत नोंदी ठेवल्या आणि हे लेखन त्या वहीवरूनच करते आहे. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. पाय मोडला म्हणून हे पिल्लू मरणार नव्हतं. पहिल्या रात्री ते मरायला टेकलं, ते मी त्याच्यासाठी तयार केलेल्या खोक्यामुळे. पिल्लांना ऊब कशी द्यावी, पाणी कुठे ठेवावं, याचे जे नियम आपण पाठ केलेले असतात, ते सगळे चालता येणाऱ्या पिल्लासाठी असतात. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिली तपासणी

आधी धरण्याबद्दल. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वरखाली हलवून ते हवा आत-बाहेर करतात. म्हणून पिल्लू मुठीत आवळून धरलं, तर चोच उघडी असूनही ते गुदमरू शकतं. मी त्याला तळहातावर पाठीकडून टेकवलं, दोन बोटांनी फक्त मान आणि खांदे सावरले, आणि दिव्याखाली दोन्ही पाय शेजारी शेजारी बघितले. निरोगी पाय समोर असला की दुखऱ्या पायातला फरक आपोआप दिसतो. नुसता दुखरा पाय बघत बसलं तर काहीच कळत नाही.

रक्त नव्हतं, कातडीवर एक बारीक ओरखडा होता. घोट्याच्या थोडं वर सूज होती आणि तिथे हलकेच बोट फिरवल्यावर आत काहीतरी करकरलं. बोटं गरम होती, रंग पिवळट-गुलाबी होता. मधल्या बोटाला नखाने किंचित चिमटा काढला तर पिल्लाने पाय आखडून घेतला आणि ओरडलं. हे ओरडणं चांगलं लक्षण होतं. नस शाबूत आहे, एवढं त्यावरून कळलं, आणि बोटांच्या उबेवरून-रंगावरून रक्त खालपर्यंत पोचतंय हेही.

तेवढ्यात फोनवर पशुवैद्यांशी बोलणं झालं आणि तिथे मी एक घोळ घातला. ‘गुडघ्याच्या वर लागलंय’ असं मी सांगितलं. कोंबडीच्या पायातला जो सांधा आपल्याला उलटा वाकलेला गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा असतो. खरा गुडघा पोटाजवळ पिसांत लपलेला असतो. घोटा ते खरा गुडघा ही नडगी, आणि घोट्याखालची खवल्यांची काडी हा पंजाचाच लांबलेला भाग. ‘गुडघ्याच्या वर’ म्हटल्यावर डॉक्टरांनी अर्थातच मांडीचं हाड धरलं. मांडीला पट्टी नीट बसत नाही, काही बांधू नका, उबेत स्थिर ठेवा आणि सकाळी आणा, असं ते म्हणाले. सल्ला चुकीच्या हाडासाठी होता, तरी मी तो पाळला असता तर बरं झालं असतं.

मी पाळला नाही. दोन काड्यापेटीच्या काड्या, कापूस आणि शिवणाचा दोरा घेऊन मी पाय सरळ करून बांधून टाकला. काम अगदी सुबक झालं होतं, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला.

दुसरं काय असू शकलं असतं

इथे अपघात डोळ्यांसमोर झाला होता, म्हणून शंकेला फार जागा नव्हती. पण सकाळी खोक्यात लंगडं पिल्लू सापडतं आणि काय झालं ते कुणालाच माहीत नसतं, असंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. तेव्हा सगळ्या लंगडण्याला ‘पाय मोडला’ म्हणून चालत नाही.

दोन्ही पाय बाजूंना फाकून पिल्लू पोटावर पसरलं असेल तर ते मोडलेलं नाही, फाकलेलं आहे. वर्तमानपत्रासारख्या गुळगुळीत कागदावर पहिले दिवस काढलेल्या पिल्लांत हे हमखास दिसतं, कारण पायाला पकड मिळत नाही. दोन्ही पायांत मऊ पट्टीची बेडी घालायची, पाय नेहमीच्या अंतरावर राहतील एवढीच, आणि खाली खरखरीत कापड द्यायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पकडलं तर चार-पाच दिवसांत काम होतं. आठवड्यानंतर हाडं घट्ट होत जातात आणि तीच बेडी फारसा उपयोग करत नाही.

बोटं मुठीसारखी आत वळली असतील तर ‘ब २’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी तपासावी. एक पाय पुढे, एक मागे अशी फरफट मारेक्स नावाच्या विषाणूजन्य आजारात दिसते. पण तो साधारणपणे काही आठवड्यांच्या पक्ष्यांत डोकं वर काढतो, पाच दिवसांच्या पिल्लात नाही.

खरा फसवा प्रकार म्हणजे घोट्यावरची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, सरकणं. घोट्याच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि त्या खाचेतून दोरीसारखी कंडरा जाते. ती बाजूला घसरली की घोटा सपाट आणि सुजलेला दिसतो, पाय एका बाजूला वळतो, पिल्लू घोट्यावरच रांगायला लागतं. लांबून बघणाऱ्याला हे मोडलेल्या हाडासारखंच वाटतं. फरक बोटाला कळतो. चांगल्या पायाच्या घोट्यामागे अंगठा आडवा फिरवला की मधोमध ताणलेली दोरी लागते. घसरलेल्या पायात मधे नुसतं हाड लागतं आणि दोरी बाजूला सापडते. यामागे मँगनीज, कोलीन, बायोटिन अशा घटकांची कमतरता असू शकते, किंवा नुसता झटकाही पुरतो. हे त्याच दिवशी जाणकाराकडून बसवून घ्यावं लागतं. थांबलं तर खाच उथळ होत जाते आणि कंडरा पुन्हा पुन्हा निसटते. माझ्या पिल्लाची दोरी जागच्या जागी होती.

पहिली रात्र

खोकं मी नियमाप्रमाणे तयार केलं. पुठ्ठ्याची पेटी, तळाला टॉवेल, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला पाण्याची उथळ वाटी आणि खाद्याचा चुरा. दिव्याखाली तापमान ३४ अंश सेल्सिअस. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ लागतं, म्हणजे पुस्तकी हिशोबाने सगळं बरोबर होतं. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा ठेवतात, कारण पिल्लाला गरम झालं की ते दूर सरकतं, गार झालं की जवळ येतं. तापमापक चुकला तरी पिल्लू चुकत नाही.

पण त्यासाठी पाय लागतात.

पहाटे पाच वाजता मी टॉर्च घेऊन गेले. पिल्लू मी ठेवलं होतं तिथेच होतं, दिव्याच्या बरोबर खाली. चोच उघडी, धाप लागलेली, दोन्ही पंख अंगापासून सुटलेले, मान टॉवेलवर टाकलेली. सरळ बांधलेला पाय वल्ह्यासारखा बाहेर आला होता, त्यामुळे त्याला बसताही येत नव्हतं, उठताही येत नव्हतं. पाण्याची वाटी तीन वितींवर होती, आणि वाटीतलं पाणी रात्रभरात थेंबानेही कमी झालं नव्हतं. काट्यावर ठेवलं तर ४७ ग्रॅम. रात्री ५२ होतं. नऊ-दहा तासांत पाच ग्रॅम म्हणजे वजनाचा जवळजवळ दहावा भाग गेला होता. दोऱ्याखालची बोटं गार पडून निळसर झाली होती आणि चांगलीच सुजली होती.

आधी दिवा बाजूला घेतला. मग कात्रीच्या बोथट टोकाने दोरा कापला. बोटांना रंग परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागली आणि ती मिनिटं मी विसरणार नाही. कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून बोटाच्या टोकावर थेंब घेतला आणि चोचीच्या कडेला लावला. ड्रॉपर थेट घशात रिकामा करायचा मोह होतो, पण पक्ष्यांची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते, पाणी सरळ तिथे जाऊ शकतं. कडेला लावलेला थेंब पिल्लू स्वतः ओढून घेतं, मान वर करतं, गिळतं. पहिले चार थेंब नुसते ओघळले. पाचवा त्याने घेतला. अर्ध्या तासाने डोकं वर धरलं. ही साखर फक्त तेवढ्या वेळेपुरती. पुढे साधं पाणी दिलं.

वैद्याचं टेबल

सकाळी डॉक्टरांनी पाय चाचपला. नडगी मोडली होती, पण टोकं फारशी सरकलेली नव्हती आणि कातडी फाटलेली नव्हती. हाड बाहेर आलं असतं, किंवा बोटं काळी-गार राहून चिमट्याला काहीच प्रतिसाद नसता, तर वेगळं बोलणं करावं लागलं असतं. वेदनेशिवाय शेवट करणं हाही उपचारातलाच एक भाग आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते ऐकायला जड गेलं, पण खरं होतं.

एवढ्याशा जीवाला काडीची खपची लावतच नाहीत म्हणे. त्यांनी पाय बसलेल्या स्थितीत दुमडला, कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा पायाच्या आतून आणि एक बाहेरून लावला आणि दोन्ही तुकडे पायाच्या कडेने चिमट्याने एकमेकांवर दाबत नेले, जणू पाय पाकिटात बंद केला. कडा कापल्या. पट्टीच कडक होऊन खपचीचं काम करायला लागली. वर आणि खालचा सांधाही त्यात धरला होता, कारण नुसतं मोडलेलं ठिकाण बांधून वरखालचे सांधे मोकळे ठेवले तर प्रत्येक हालचालीला तुटलेली टोकं घासतात. आणि पाय दुमडलेला असल्यामुळे पिल्लाला नीट बसता येत होतं. माझी रात्रीची सुबक कलाकुसर नेमकी इथेच चुकली होती.

वेदनेसाठी त्यांनी वजन बघून थेंब दिले. औषधाचं नाव आणि मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ४७ ग्रॅमच्या शरीरात एक थेंब जास्त म्हणजे काय, ते माणसाच्या मापाने समजत नाही. घरातली माणसांची गोळी कुटून देणं तर अजिबात नको. पुढे अंडी किंवा मांस खाल्लं जाणार असेल तर औषधानंतर किती दिवस थांबायचं, तेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

निघताना ते म्हणाले, “चालतंय का ते बघत बसू नका. लंगडं पिल्लू पण चालतं. उकरायला लागलं की मला कळवा.”

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

वीतभराचं घर

घरी येऊन खोकं मोडून नवीन केलं. या वेळी विचार एकच होता: पिल्लू जागेवरून हलणार नाही असं धरून चालायचं. दिवा वर उचलला, सगळ्या खोक्यात साधारण ३० अंश राहील असा. जास्तीची ऊब एका बाजूने दिली, कोमट पाण्याची छोटी बाटली कापडात गुंडाळून पिल्लाच्या डाव्या अंगाला टेकवली. गार वाटलं तर ते बाटलीवर रेलायचं, गरम झालं तर मान आणि अंग दुसरीकडे झुकवायचं. चालायची गरजच नाही. बाटली दर दोन-तीन तासांनी भरावी लागते, नाहीतर गार झालेली बाटली उलट त्याच्याच अंगातली ऊब खेचते. हे रात्री दोनदा गजर लावून केलं.

बसायला जुन्या सुती ओढणीची चुंबळ वळली, डोक्यावर घागर घेताना ठेवतात तशी, पण बांगडीएवढी. मधल्या खोलगट जागेत पिल्लू सरळ बसायचं, कुशीवर कलंडायचं नाही, आणि छातीचं हाड जमिनीला घासून जखम व्हायचा धोकाही टळला. चुंबळ विष्ठेने भिजली की बदलायची. अशा चार केल्या होत्या. पाणी आणि ओलसर केलेलं पिल्लांचं खाद्य चोच पुढे केली की लागेल इतकं जवळ, पाण्यात खडे टाकलेले, म्हणजे तोंडावर पडलं तरी बुडणार नाही.

दिवसातून चार वेळा झोळी. एका रुमालाला पायांसाठी दोन आणि मागे विष्ठेसाठी एक भोक पाडून तो भांड्याच्या तोंडावर ताणला, पाय खाली जेमतेम टेकतील असा. पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी त्याने झोळीत असा काही आकांत केला की शेजारून कुणी तरी विचारायला आलं. दुसऱ्या दिवशी समोर खाद्य ठेवलं आणि आकांत थांबला.

एकटेपणाचा प्रश्न मात्र खाद्याने सुटला नाही. एकट्या पिल्लाची हाक वेगळी असते. उंच, तुटक, एकसारखी. ऐकत राहिलं की आपलंच डोकं उठतं. आणि ओरडत राहिलेलं पिल्लू खात नाही, झोपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचंच एक भावंड आणून शेजारी सोडलं. हाक थांबली, पण दहा मिनिटांत भावंडाला पांढऱ्या पट्टीची टोकं दिसली आणि त्याने टोचायला सुरुवात केली. मग मधे जाळी लावली. दोघं जाळीला अंग लावून झोपायची. सोबत हवी ती दिसेल, ऐकू येईल, उबेला लागेल अशी. टोचता येईल अशी नको.

नोंदवहीतून

डॉक्टरांकडून आणलं त्या दिवशी संध्याकाळी ५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी ५४. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून भोक बंद होत आलं होतं. बसून राहणाऱ्या पिल्लांत हे होतंच. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढलं, ओढून नाही, आणि लगेच कोरडं केलं. चौथ्या दिवशी बोटं किंचित फुगलेली दिसली. कुणी काही घट्ट केलं नव्हतं, पायच जाड झाला होता. या वयात पिल्लू पट्टीपेक्षा वेगाने वाढतं. डॉक्टरांनी पट्टी बदलली, आठव्या दिवशी परत एकदा. रोज सकाळ-संध्याकाळ बोटांचा रंग, ऊब आणि सूज बघणं हे औषधाच्या थेंबाइतकंच न चुकवता केलं.

सातव्या दिवशी ७० ग्रॅम. खुराड्यातली भावंडं तेव्हा ८०-८५ ला होती. मागे होतं, पण रेघ वर जात होती, आणि मला तेवढी रेघ पुरेशी होती. प्रत्येक वेळी हात साबणाने धुणं, पिल्लाला तोंडाजवळ न नेणं, त्याचा काटा स्वयंपाकघरातून कायमचा वेगळा करणं, हेही याच काळातलं. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

बाराव्या दिवशी पट्टी निघाली. हाड जुळलं होतं, तुटलेल्या जागी वाटाण्यासारखी गाठ लागत होती. पक्ष्यांचं हाड आपल्यापेक्षा कितीतरी लवकर जुळतं, साधारण दोन-तीन आठवड्यांत, आणि पिल्लांचं त्याहून लवकर. पण पाय वापरायची सवय हाडाइतक्या लवकर परत येत नाही. घोटा आखडला होता, बोटं अर्धी मिटलेली होती. उथळ परातीत पोटापर्यंत कोमट पाणी घेऊन त्यात पाच मिनिटं उभं करायचं, दिवसातून दोनदा. पाणी अंग उचलून धरतं आणि पिल्लू पोहल्यासारखे पाय मारायला लागतं. मग टॉवेल आणि ऊब, पूर्ण कोरडं होईपर्यंत, कारण ओली लव ऊब धरत नाही. दोन दिवसांत बोटं उघडली. पट्टी निघाल्यापासून पाचव्या दिवशी ते परातीबाहेर उडी मारून पळालं, लंगडत पण सुसाट.

परत खुराड्यात

इतके दिवस वेगळं राहिलेलं पिल्लू आई ओळखेल का, याची खात्री नव्हती. टोचून हाकलू शकते. म्हणून एकट्याला न सोडता जाळीपलीकडच्या सोबत्यासकट, अंधार पडताना, सगळी निजायला लागल्यावर दोघांना आईच्या पंखाखाली सरकवलं. सकाळी दोन भावंडांनी टोचलं, सोबती मधे आला असं म्हणायचा मोह होतो, पण तो नुसता खाद्याकडे चालला होता आणि वाटेत होता. दुपारपर्यंत सगळं मिटलं. फळीच्या खालच्या कडेला त्याआधीच रबराची पट्टी ठोकली होती, आणि संध्याकाळी दार लावताना मी ११ मोजल्याशिवाय हात पुढे करत नाही.

चालणं जवळजवळ सरळ झालं. उजवा पंजा किंचित बाहेर वळलेला राहिला, तो तसाच राहणार. पण डॉक्टरांचं वाक्य डोक्यात होतं, त्यामुळे रोज मी बाजूला बसून बघायची. पिल्लू बाकीच्यांच्या मागे जायचं, त्यांनी उकरलेल्या मातीतलं टिपायचं, स्वतः उकरायचं नाही.

२६ व्या दिवशी सकाळी कुंडीजवळ ते थांबलं, डावा पाय उचलला आणि मातीत दोनदा मागे ओढला. एका पायाने उकरताना सगळं वजन दुसऱ्यावर येतं. ते उजव्यावर उभं होतं. वाकून बघितलं, काहीच सापडलं नाही, पुन्हा उकरलं. मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.